रब्बीच्या धांदलीत पेरूचा जाम

मृग बहराचा पेरू साधारणतः नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत तोडणीस येतो. नेमकी याच दिवसांत रब्बी ज्वारीची कोळपणी, गव्हाचे पाणी, कपाशीची वेचणी, कांद्याची लागण आणि उसाची तोड ही सारी कामे शेतकरी कुटुंबाच्या अंगावर एकाच वेळी येतात. वीज रात्रीच्या पाळीत मिळत असेल, तर पाणी देण्यासाठी रात्रही शेतावरच काढावी लागते. अशा वेळी परसातील अथवा बांधावरील पेरूच्या झाडाखाली पिकलेल्या फळांचा सडा पडतो. चार फळे मुले खातात, चार शेजारी जातात आणि उरलेली कुजून जातात. बाजारात याच सुमारास पेरूची आवक वाढलेली असल्याने लहान व वेड्यावाकड्या फळांना कोणी विचारीत नाही.

या फळांचा जाम करावा, असा सल्ला गृहिणींना नेहमीच दिला जातो व तो योग्यही आहे. परंतु तो अंमलात का येत नाही, याचा विचार सहसा केला जात नाही. जाम करण्याची रीत अवघड आहे असे नाही. त्यासाठी एक सबंध दिवस मोकळा हवा, अशी समजूत मात्र सर्वत्र दृढ आहे. पहाटे उठून घरचे आवरून खुरपणीस जाणाऱ्या, किंवा शाळेत, अंगणवाडीत वा कचेरीत नोकरी करणाऱ्या भगिनींना असा दिवस पेरूच्या हंगामात मिळत नाही. मोकळा दिवस येईपर्यंत फळे निघून जातात.

वास्तविक जामचे काम एका दिवसाचे नसून तीन तुकड्यांचे आहे. हे तुकडे आठवड्यातील वेगवेगळ्या संध्याकाळी करता येतात. एका वेळी तासाभराहून अधिक अवधी लागत नाही. मात्र यातील कोणती पायरी थांबू शकते व कोणती थांबू शकत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत लेखात त्याचीच माहिती दिली आहे.

थांबणारी व न थांबणारी कामे

झाडावरून नुकतेच उतरविलेले, देठाजवळ किंचित हिरवे असलेले अखंड फळ सावलीत व हवेशीर जागी दोन-तीन दिवस राहते. शिजवून गाळलेला गर स्वच्छ भांड्यात झाकून शीतकपाटात ठेवल्यास दोन ते तीन दिवस टिकतो. उकळून वाळविलेल्या बाटल्या तर कधीही तयार ठेवता येतात. म्हणजे अखंड फळ थांबते, थंड केलेला गर थांबतो आणि बाटलीही थांबते.

याउलट चिरलेले फळ थांबत नाही. पेरू कापताच त्यातील विशिष्ट द्रव्यांचा हवेशी संयोग होऊन फोडी तांबूस पडू लागतात व पुढे जामचा रंगही मळकट येतो. म्हणून चिरलेली फळे त्याच वेळी शिजविली पाहिजेत. दुसरे न थांबणारे काम म्हणजे साखर घातल्यानंतरचा कढ. गरात साखर मिसळून तो चुलीवर चढविला की बाटल्या भरेपर्यंत मध्ये उठता येत नाही. अर्धवट कढलेला जाम सकाळी पुन्हा उकळला, तर तो काळवंडतो व नीट आळत नाही. हे दोन नियम पाळले की बाकीचे काम आपल्या सोयीने करता येते.

पहिली संध्याकाळ : फळांची निवड

पेरूची कोणतीही जात जामसाठी चालते. डॉ. चीमा यांच्या काळात पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रावर निवड पद्धतीने काढलेली व आज सर्वत्र पसरलेली सरदार अथवा लखनौ-४९ ही जात या कामी उत्तम आहे. राहाता परिसरातील बागांतून येणारा पेरूही चांगला. गुलाबी गराच्या पेरूचा जाम दिसावयास अधिक मोहक होतो. त्यास कृत्रिम रंगाची आवश्यकता राहत नाही.

सर्वच फळे पूर्ण पिकलेली घेऊ नयेत. जाम आळतो तो पेक्टिन नावाच्या द्रव्यामुळे. हे द्रव्य फळ पूर्ण पिकू लागले की कमी होते व अर्धवट पिकलेल्या फळांत भरपूर असते. स्वाद व सुगंध मात्र पिकल्या फळांत असतो. म्हणून तीन भाग पिकलेली परंतु घट्ट फळे व एक भाग अर्धवट पिकलेली फळे घ्यावीत.

लहान, वेड्यावाकड्या अथवा सालीवर डाग असलेल्या फळांस हरकत नाही. परंतु कुजलेली, आंबूस वासाची, पक्ष्यांनी वा वटवाघळांनी खाल्लेली फळे अजिबात घेऊ नयेत. तेवढा भाग कापून उरलेले फळ वापरणेही धोक्याचे आहे. फळमाशीची अळी असलेली फळे झाडाखाली न टाकता खोल खड्ड्यात पुरावीत, म्हणजे पुढील फळांवरील उपद्रवही कमी होईल. निवडलेली फळे वाहत्या पाण्यात धुवून, पुसून टोपलीत पसरून ठेवावीत. हे काम अर्ध्या तासाचे आहे व शाळकरी मुलांच्याही हातून नीट होते.

दुसरी संध्याकाळ : गर काढणे

एका वेळी दीड किलोहून अधिक फळे घेऊ नयेत. देठ व टोक काढून, साल न काढता फळांच्या फोडी कराव्यात. सालीतही पेक्टिन असते. फोडी चिरल्या चिरल्या कुकरमध्ये टाकाव्यात, त्यात दीड ते दोन वाट्या पाणी घालावे व दोन शिट्या होऊ द्याव्यात. कुकर नसल्यास पातेल्यात फोडी बुडतील इतके पाणी घालून, झाकण ठेवून वीस मिनिटे शिजवाव्यात. त्या बोटांनी सहज चेपल्या गेल्या पाहिजेत.

शिजलेल्या फोडी पुरणयंत्रातून फिरवाव्यात. पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून गर खाली पडतो व बिया वर राहतात. बिया मिक्सरमधून फिरवू नयेत. त्या फुटल्यास जाम रवाळ व कडवट होतो. पुरणयंत्र स्टेनलेस स्टीलचे असावे. जुने पितळी यंत्र कल्हई गेलेले असेल, तर या कामास वापरू नये, कारण फळातील आम्लाचा पितळेवर परिणाम होतो. हाच नियम पातेल्यांसही लागू आहे. यंत्र फिरविण्यास जोर लागतो व दिवसभर खुरपे चालविलेल्या हाताला ते जड जाते. हे काम घरातील पुरुषांनी आपणहून करावे.

दीड किलो फळांपासून साधारणतः एक ते सव्वा किलो गर निघतो. गर त्याच दिवशी शिजवावयाचा नसेल, तर तो एकदा उकळी येईपर्यंत गरम करावा, उकळत्या पाण्याने धुतलेल्या डब्यात भरावा, निवल्यावर झाकण लावून शीतकपाटात ठेवावा आणि तिसऱ्या दिवसापर्यंत वापरून टाकावा. बर्फाच्या कप्प्यात गोठवून ठेवल्यास तो पुष्कळ अधिक काळ राहतो. हंगाम ऐन भरात असताना नुसता गर काढून गोठवावा व सुगी आटोपल्यावर जाम करावा, हा मार्गही सोयीचा आहे.

तिसरा दिवस : जाम शिजविणे

प्रमाण पुढीलप्रमाणे घ्यावे : पेरूचा गर १ किलो, साखर ७५० ग्रॅम, सायट्रिक आम्ल अर्थात लिंबूसत्त्व ५ ग्रॅम. लिंबूसत्त्व न मिळाल्यास सुमारे चार मध्यम लिंबांचा गाळलेला रस घ्यावा. गर अंदाजाने न घेता वजनकाट्यावर तोलूनच घ्यावा.

प्रथम बाटल्या व झाकणे स्वच्छ धुवून पाण्यात बुडवावीत आणि पाणी उकळू लागल्यापासून पंधरा मिनिटे उकळावीत. एका शेगडीवर बाटल्या उकळत असतानाच दुसरीवर जाम चढवावा, म्हणजे वेळ वाचतो. पातेले रुंद व जाड बुडाचे घ्यावे. रुंद भांड्यातून वाफ लवकर निघून जाते. भांडे अर्ध्याहून अधिक भरू नये. गर व साखर एकत्र करून मंद आचेवर साखर विरघळू द्यावी. त्यानंतर आच वाढवून भरभर उकळावे व लांब दांड्याच्या लाकडी पळीने तळापासून सतत ढवळावे. वर आलेला फेस काढून टाकावा. जाम दाटू लागला की त्याचे तप्त शिंतोडे उडतात. म्हणून बाहीचे कपडे घालावेत, हाताला कापड गुंडाळावे व लहान मुलांना चुलीपासून दूर ठेवावे.

लिंबूसत्त्व चमचाभर पाण्यात विरघळवून जाम होत आला असता शेवटी घालावे. आम्ल प्रारंभीच घालून दीर्घकाळ उकळल्यास पेक्टिनची आळण्याची शक्ती क्षीण होते. एक किलो गराचा जाम होण्यास साधारण अर्धा तास लागतो. दुप्पट गर घेतला तर वेळ वाचेल असे वाटते. प्रत्यक्षात अधिक गराला पुष्कळ जास्त वेळ कढावे लागते, रंग काळपट होतो व स्वाद जळका येतो. कामाच्या आठवड्यात लहान घाणाच किफायतीचा ठरतो.

जाम झाला हे कसे ओळखावे

आपल्या गृहिणींना पाकाची तार पाहण्याची सवय असते. मुरांब्यास ती कसोटी योग्य आहे, कारण मुरांब्यात फळाच्या फोडी पाकात मुरतात. जाममध्ये मात्र साखर, आम्ल व पेक्टिन यांच्या संयोगाने गरच आळतो. तेथे तारेची वाट पाहिल्यास जाम चिवट व गोळीसारखा होतो. म्हणून पुढीलपैकी किमान दोन कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी वजनाची. रिकामे पातेले व पळी आधी तोलून आकडा लिहून ठेवावा. वरील प्रमाणात पातेल्यातील ऐवज सुमारे सव्वा किलोवर आला की जाम झाला असे समजावे. ७५० ग्रॅम साखर व गरातील विद्राव्य अंश मिळून या वजनाच्या सुमारे दोन-तृतीयांश भरतात आणि जाम टिकण्यास तेवढे घन प्रमाण आवश्यक असते.

दुसरी कसोटी पळीची. पळीत थोडा जाम घेऊन किंचित निवू द्यावा व पळी तिरपी धरावी. थेंब सुटे सुटे न पडता एकत्र येऊन पदरासारखे ओघळले, तर जाम तयार झाला. तिसरी कसोटी बशीची. थंड बशीवर एक थेंब टाकून मिनिटभराने बोटाने सरकवावा. पृष्ठभागावर सुरकुती पडली पाहिजे व थेंबाभोवती पाणी सुटता कामा नये. कसोटी पाहताना पातेले चुलीवरून खाली उतरवावे, नाही तर तेवढ्या अवधीत जाम पुढे जातो.

ज्यांच्याकडे तापमापक आहे त्यांनी समुद्रसपाटीजवळील गावी १०५ अंश सेल्सिअस तापमानास जाम उतरवावा. उंचीवरील गावी पाणी कमी तापमानास उकळते. पुण्यात ते ९८ अंशांच्या आसपास, तर महाबळेश्वरी सुमारे ९५ अंशांवर उकळते. म्हणून आधी आपल्या गावी पाणी किती अंशांवर उकळते ते पाहावे व त्यात ५ अंश मिळवावेत.

बाटल्या भरणे व साठवण

जाम झाल्यावर लगेच, तो कढत असतानाच बाटल्यांत भरावा. बाटल्याही गरम असाव्यात व त्या लाकडी पाटावर ठेवाव्यात. थंड फरशीवर ठेवलेली काच तडकते. तोंडाशी सुमारे अर्धा सेंटिमीटर जागा सोडून, कडा स्वच्छ कापडाने पुसून झाकण घट्ट लावावे. बाटली दोन-तीन मिनिटे उलटी धरून पुन्हा सरळ ठेवावी, म्हणजे कढत जाम झाकणाच्या आतील बाजूस लागून तीही निर्जंतुक होते. पूर्वी जामवर वितळलेल्या मेणाचा थर ओतीत असत. आता आतून अस्तर असलेली घट्ट झाकणे मिळत असल्याने त्याची गरज राहिलेली नाही. जुने झाकण गंजलेले अथवा चेपलेले असल्यास ते बदलावे.

एका घाण्यातून पाव किलोच्या पाच बाटल्या भरतात. प्रत्येकीवर तयार केल्याची तारीख लिहून चिठ्ठी लावावी व त्या थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या फडताळात ठेवाव्यात. उघडलेली बाटली शीतकपाटात ठेवावी, तीत नेहमी कोरडा चमचा घालावा व ती महिन्याच्या आत संपवावी.

बिघाड व त्याची कारणे

जाम पातळ राहिला, तर कढ कमी पडला, फळे अति पिकलेली होती किंवा आम्ल अपुरे होते असे समजावे. जाममध्ये साखरेचे खडे झाले, तर साखर अधिक पडली अथवा आम्ल कमी पडले. पाणी सुटले, तर बहुधा आम्ल अधिक झाले. पृष्ठभागावर बुरशी आली, तर जाम पुरेसा आळलेला नव्हता, बाटली ओली होती किंवा ओला चमचा लागला. बुरशी आलेला जाम वरचा थर काढून खाण्याची पद्धत अनेक घरी आहे. ती सोडून द्यावी. बुरशीचे तंतू व तिची विषद्रव्ये खालच्या भागातही पोहोचलेली असू शकतात. अशी संपूर्ण बाटली टाकून द्यावी.

शीतकपाट नसल्यास

शीतकपाट नसलेल्या घरी दुसरी व तिसरी पायरी एकाच संध्याकाळी करावी. हिवाळा असला तरी गर रात्रभर उघड्यावर ठेवू नये, कारण तो आंबतो. त्यासाठी माप अर्धे घ्यावे. पाऊण किलो फळे, त्यातून निघणारा अर्धा किलो गर, ३७५ ग्रॅम साखर व अडीच ग्रॅम लिंबूसत्त्व एवढ्या मापाचे सर्व काम सुमारे सव्वा तासात आटोपते. फळे आदल्या दिवशीच निवडून, धुवून ठेवलेली असावीत. अशा रीतीने आठवड्यातून एक वेळ काम केले तरी हंगामाच्या चार आठवड्यांत सुमारे अडीच किलो जाम घरात जमतो.

इतर फळांचा उपयोग

पेरूतील भरपूर पेक्टिनचा लाभ इतर फळांसही देता येतो. पपई व महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांत पेक्टिन कमी असते. त्यांच्या गरात चौथा हिस्सा पेरूचा गर मिसळल्यास जाम चांगला आळतो. पपईस आम्ल थोडे अधिक लागते. कवठातही पेक्टिन विपुल असते. सीताफळाचा मात्र या पद्धतीने जाम करू नये, कारण त्याचा गर तापविल्यास कडवट होतो.

घरासाठी आणि विक्रीसाठी

ताज्या पेरूच्या शंभर ग्रॅम गरात दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व असते. शिजविताना त्यातील बराच अंश नष्ट होतो. शिवाय जाममध्ये साखर पुष्कळ असते. म्हणून जाम हा ताज्या फळाचा पर्याय मानू नये. प्रथम घरातील सर्वांनी पोटभर पेरू खावेत, शेजाऱ्यांना द्यावेत आणि जे वाया जाणार असतील त्यांचाच जाम करावा. मुलांच्या पोळीवर चमचाभर जाम पुरे. मधुमेह असलेल्या व्यक्तींनी तो टाळणेच श्रेयस्कर.

बचत गटामार्फत विक्री करावयाची असल्यास नियम वेगळे आहेत. पूर्वी यासाठी १९५५ चा फळ उत्पादन आदेश लागू होता. आता २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. जाममध्ये फळांचे प्रमाण सामान्यतः ४५ टक्क्यांहून कमी नसावे, असे बंधन आहे. वर दिलेल्या प्रमाणात फळांचा अंश त्याहून पुष्कळ अधिक असतो. विक्रीचा विचार करणाऱ्या भगिनींनी प्रथम जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात गृहविज्ञान अथवा अन्न प्रक्रिया विषयाच्या तज्ज्ञांचे मार्गदर्शन घ्यावे.

परसातील एका झाडाची फळे वाचविणे ही गोष्ट लहान वाटेल. परंतु त्या झाडालाही पाणी, खत व राखण लागलेलीच असते. त्या श्रमाचे फळ मातीत जाऊ नये आणि ते वाचविण्यासाठी घरातील स्त्रीच्या झोपेतून तास काढावे लागू नयेत, या दोन्ही गोष्टी साधल्या पाहिजेत. एका संध्याकाळी मुलांनी फळे निवडावीत, दुसऱ्या संध्याकाळी पुरुषांनी पुरणयंत्र फिरवावे आणि तिसऱ्या दिवशी सर्वांनी मिळून अर्धा तास चुलीपाशी द्यावा. वैशाखात झाडावर फळ नसताना फडताळातील बाटली उघडली जाईल, तेव्हा या थोड्याशा नियोजनाचे मोल ध्यानी येईल.